बाहेर ठेवलेल्या ऑर्किडच्या कुंड्यांत मुंग्या झाल्या आहेत, त्या कशा घालवाव्यात?

आपण लिहिले आहे की उघड्यावर ठेवलेल्या आपल्या ऑर्किडच्या कुंड्यांवर महिनाभरापासून मुंग्यांची रांग लागलेली आहे, दालचिनीची पूड टाकून झाली, व्हिनेगरचे पाणी शिंपडून झाले, तरी दोन दिवसांत मुंग्या पुन्हा हजर होतात. आणि त्या झाड खात तर नसतील ना, अशी आपल्याला धास्ती वाटते. गेली अनेक वर्षे मी बाहेरच ऑर्किड वाढवत असल्यामुळे हा त्रास मला चांगलाच परिचयाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाने कातरून नेणाऱ्या काही जातींचा अपवाद सोडला, तर मुंग्या ऑर्किड खात नाहीत. कुंडीवर त्या येतात त्या गोड खाण्यासाठी किंवा राहण्यासाठी, आणि यांपैकी नेमके कोणते कारण आहे हे न पाहता रांगेवर काहीबाही शिंपडत राहणे म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला असा प्रकार होतो. व्हिनेगर आणि दालचिनी तर आजच थांबवावी, असे मी म्हणेन. ऑर्किडच्या मुळांवरचे पांढरट, स्पंजासारखे आवरण आसपासचे पाणी क्षणात शोषून घेते आणि त्याबरोबर त्यात विरघळलेले सगळे काही आत ओढते; दालचिनीमुळे मुळे कोरडी पडतात आणि व्हिनेगरमुळे त्यांची टोके जळतात. वारुळात राहणाऱ्या राणीला मात्र या दोन्हींचा पत्ताही लागत नाही.

सर्वांत निरुपद्रवी कारण आधी सांगतो. कॅटलिया, सिम्बिडियम, ऑन्सिडियम अशा बऱ्याच ऑर्किडांच्या कळ्यांच्या देठांवर आणि बाहेरच्या पाकळ्यांवर मधाचे बारीक, पारदर्शक थेंब येतात. हा मध फुलाच्या आतला नसून झाडानेच बाहेर पाझरवलेला असतो आणि तो निरोगी झाडावरही येतो. मुंग्या केवळ कळ्यांपाशी घुटमळत असतील आणि भिंगाने पाहूनही जवळपास दुसरा कोणताही किडा दिसत नसेल, तर ओल्या मऊ कापडाने थेंब पुसून टाकावेत आणि एवढ्यावर थांबावे. फुले उमलली की ही वर्दळ आपोआप ओसरते. अशा मुंग्या कळी कुरतडणाऱ्या अळ्यांना हुसकावूनही लावतात, त्यामुळे मी स्वतः तर त्यांच्याकडे काणाडोळाच करतो.

चिकटपणा कळ्यांवर नसून पानांच्या वरच्या बाजूवर पसरलेला असेल आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरू लागली असेल, तर मात्र प्रकरण वेगळे आहे. तो चिकटा वरच्या पानाच्या पाठीवर बसलेल्या मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड यांनी टाकलेला असतो. हे किडे झाडाचा रस शोषतात, त्यातली जादा साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतात आणि मुंग्या त्यासाठी त्यांना अक्षरशः गुरांसारखे सांभाळतात: ही कीड खाणारे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या आल्या तर हाकलतात आणि पिल्ले उचलून नव्या कोंबावर नेऊन सोडतात. म्हणूनच मुंग्या असलेल्या कुंडीत कीड जितक्या झपाट्याने वाढते, तितकी मुंग्यांविना ती वाढत नाही. माझ्या एका कॅटलियावर मुंग्या दिसत होत्या, पण पाने उलटसुलट करूनही काही सापडत नव्हते. शेवटी फुगीर खोडाभोवतीचे वाळके, कागदासारखे पापुद्रे नखाने सोलले, तेव्हा आत तपकिरी खवल्यांची एकाला एक खेटून बसलेली रांग निघाली आणि त्यांच्या मधून दोन मुंग्या गडबडीने पळाल्या. तेव्हापासून मी पानांच्या आधी हे पापुद्रे तपासतो. आपणही पानांच्या बगला, मधली शीर, कोंबाचा बुडखा आणि कुंडीच्या कडेशी असलेली मुळे नीट पाहावीत.

कीड सापडली तर 70 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक किडा पुसून काढावा. खवले असतील तर जुन्या दात घासायच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने खरवडावे. कळ्या आणि कोवळे कोंब यांना अल्कोहोल शक्यतो लावू नये. त्यानंतर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरते चार-सहा थेंब साबण घालून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे; भर उन्हात फवारल्यास पाने भाजतात. एकदा करून भागत नाही, कारण खवल्याखालची आणि पिठ्या ढेकणांच्या कापसासारख्या पांढऱ्या आवरणातली अंडी शाबूत राहतात, म्हणून आठ-आठ दिवसांनी तीन ते चार वेळा हेच करावे लागते. बहुतेक जण इथेच कंटाळतात.

तिसरे कारण म्हणजे कुंडीतच वारूळ असणे. कुंडीत भरलेले झाडाच्या सालीचे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन-तीन वर्षांत कुजून भुसभुशीत होतात, त्यांची वरची बाजू कोरडी आणि आतली किंचित ओलसर राहते, आणि मुंग्यांना याहून सोयीचे घर मिळणे कठीण. कुंडीला बोटांनी टिचक्या मारल्यावर मुंग्या उसळून वर आल्या किंवा खालच्या भोकांतून बारीक चुरा पडलेला दिसला, तर घर आतच आहे असे समजावे. (निसर्गात काही ऑर्किडे मुंग्यांना मुद्दामच जागा देतात, मध्य अमेरिकेतील मिर्मेकोफिला या प्रजातीची फुगीर खोडे आतून पोकळ असतात आणि त्यांच्या बुडाशी मुंग्यांसाठी दारासारखे भोकही असते. आपल्याकडे कुंडीत लावल्या जाणाऱ्या डेंड्रोबियमसारख्या ऑर्किडांचे मुंग्यांशी असे काही नाते नाही.)

यावरचा उपाय सोपा आहे. मोठ्या बादलीत कुंडी ठेवून पाणी कुंडीच्या काठाच्या जरा खालपर्यंत सावकाश चढवावे, सालीचे तुकडे तरंगू नयेत म्हणून वरून जाळी दाबावी आणि वीस मिनिटे तशीच ठेवावी. पाणी कोंबांच्या पेल्यात शिरू देऊ नये, नाहीतर ते सडतात. पहिल्यांदा मी हे केले तेव्हा पाच मिनिटांतच मुंग्या तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोश तोंडात धरून सर्वांत उंच खोडाच्या टोकाशी गर्दी करून बसल्या, आणि पाणी ओसरल्यावर शांतपणे पुन्हा आत गेल्या! आता मी एक लांब काठी कुंडीच्या काठापासून बादलीबाहेरच्या जमिनीपर्यंत टेकवून ठेवतो. वाट दिसली की मुंग्या कोश घेऊन स्वतःहून उतरतात आणि अर्ध्या तासात बरेचसे वारूळ रिकामे होते. तीन-चार दिवसांनी पुन्हा एकदा बुडवावे. प्रत्येक कुंडीसाठी पाणी मात्र बदलावे, कारण सिम्बिडियम मोझॅकसारखे विषाणू एकाच पाण्यातून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, आणि त्यांवर औषध नाही.

वारूळ आत होते याचा अर्थ कुंडीतला माल कुजला आहे, त्यामुळे झाड फुलावर नसेल आणि नवी मुळे फुटू लागली असतील, तर त्याच वेळी कुंडी बदलून घ्यावी. जुना माल पूर्ण झटकावा, पोकळ आणि तपकिरी मुळे ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापावीत, टणक मुळांना हात लावू नये आणि नव्या सालीत लावल्यावर चार-पाच दिवस पाणी देऊ नये. लाकडी टोपलीत जवळजवळ उघड्या मुळांवर टांगलेल्या व्हँडा ऑर्किडांमध्ये हा प्रश्न मला कधी आला नाही.

मुंग्या दुरून, जमिनीतल्या वारुळातून येत असतील, तर आमिष ठेवावे. 100 मिलिलिटर कोमट पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि फक्त 1 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून, त्यात भिजवलेला कापूस झाकणाला भोके पाडलेल्या छोट्या डबीत घालावा आणि डबी रांगेच्या वाटेवर, कुंडीपासून दूर ठेवावी. बोरिक अ‍ॅसिड वाढवण्याचा मोह होतो, पण जास्त झाले तर कामकरी मुंगी वाटेतच मरते आणि विष राणीपर्यंत पोहोचत नाही. पहिले दोन दिवस डबीवर मुंग्यांची झुंबड उडेल. तेव्हा तिथे काहीही फवारू नये. डबी मुले आणि पाळीव प्राणी यांच्या आवाक्याबाहेर असावी आणि हे पाणी कुंडीत सांडू देऊ नये, कारण बोरॉन थोड्या प्रमाणातही जास्त झाला की पानांच्या कडा करपतात. मुंग्यांनी साखरेकडे पाठ फिरवली, तर त्या तेलकट किंवा प्रथिनयुक्त खाण्यावरच्या आहेत आणि हे आमिष त्यांच्या कामाचे नाही.

तीव्र आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून सगळीकडे पसरणारे, कीटकनाशक मी शेवटी, आणि तेही फुले नसतानाच वापरेन, कारण ते मधात उतरते आणि मधमाश्यांना बाधते.

एवढे झाले की वाट अडवावी. मांडणीचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवावेत, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा म्हणजे मुंग्या पृष्ठभागावरून चालत जाऊ शकत नाहीत, आणि डास होऊ नयेत म्हणून ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. टांगलेल्या कुंड्यांच्या तारेला मध्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड पट्टा लावावा. मी हे सगळे केले होते आणि तरीही एका कुंडीवर मुंग्या येतच होत्या. रात्री विजेरी घेऊन रांगेच्या मागे मागे गेलो, तेव्हा दिसले की एका लांब पानाचे टोक मागच्या भिंतीला जेमतेम टेकले होते आणि सगळी फौज त्या एका टोकावरून आत येत होती. ते पान सुतळीने काठीला बांधून आत ओढले; दुसऱ्या दिवशी कुंडी रिकामी होती.