दाब नॉर्मल, तरीही काचबिंदू?

प्रश्न : माझे वय ५६ आहे. रक्तदाबाची गोळी मी रात्री झोपताना घेतो. चष्म्याचा नंबर तपासायला गेलो असता डोळ्यांचा दाब १७ निघाला. तरीही डॉक्टरांनी काचबिंदू सांगून रोज रात्री टाकायचे ड्रॉप दिले. मला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, डोळे दुखत नाहीत. तीन महिने ड्रॉप टाकूनही काहीच फरक जाणवत नाही. बंद केले तर चालेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : कृपया बंद करू नका. फरक जाणवत नाही, ही तुमची तक्रार आम्ही वारंवार ऐकतो आणि तीमुळेच अनेकांचे उपचार मध्येच सुटतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिसू लागते, तसे इथे होत नाही. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते. झिजलेला भाग पुन्हा भरून येत नाही, आणि ड्रॉपचे काम उरलेला भाग राखण्याचे असते. सुरुवातीला नजर बहुधा कडेने कमी होते, मधली शाबूत राहते. म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्यालाही काचबिंदू असू शकतो.

आता दाबाबद्दल. १० ते २१ हा आकडा सर्वसाधारण मानला जात असला, तरी काहींची नस त्या मर्यादेतल्या दाबानेही झिजते. शिवाय दाब दिवसभर बदलत राहतो, आणि कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पातळ असेल तर यंत्रावर तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणून निदान एका आकड्यावर होत नाही; नसेची तपासणी, ओसीटी (नसेची जाडी मोजणारे स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राची, म्हणजे कडेपर्यंत किती दिसते याची चाचणी यांवरून ते ठरते. या चाचण्या झाल्या नसतील तर त्या करण्याबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा, आणि झाल्या असतील तर ते कागद जपून ठेवा, कारण पुढे तुलना त्यांच्याशीच होणार आहे. अशा नॉर्मल दाबाच्या काचबिंदूतही दाब साधारण ३० टक्क्यांनी उतरवला तर अनेकांची झीज मंदावते, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले आहे.

रात्रीच्या गोळीचा उल्लेख तुम्ही केलात ते बरे झाले. झोपेत रक्तदाब फार खाली गेला तर नसेला रक्तपुरवठा कमी पडू शकतो, असे मानले जाते. गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका. मात्र नेत्रतज्ज्ञ आणि रक्तदाबाचे डॉक्टर या दोघांनाही ही गोष्ट सांगा. झोपेत मोठ्याने घोरत असाल, श्वास अडकत असेल, तर तेही सांगा. आणि दमा असेल तर तो मुळीच लपवू नका, कारण काचबिंदूवरचे टिमोलॉलसारखे ड्रॉप दम्याच्या रुग्णाला धोक्याचे ठरतात. शीर्षासनाचा नाद असलाच, तर तो सोडलेला बरा. त्या अवस्थेत डोळ्याचा दाब बराच वाढतो.

ड्रॉप टाकताना खालची पापणी ओढून एकच थेंब सोडावा, डोळा अलगद मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे औषध असेल तर पाच मिनिटे थांबावे. तुमच्या भावंडांची व मुलांचीही तपासणी व्हायला हवी, कारण हा आजार घराण्यात चालतो.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात खाजतात. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून ड्रॉप आणते, लगेच आराम पडतो. यात काही धोका आहे का? — एक वाचक, लातूर

उत्तर : त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिले असेल, तर निश्चितच आहे. ही स्टेरॉइड्स आहेत. ती खाज पटकन थांबवतात, पण काही मुलांत डोळ्याचा दाब निमूटपणे वाढवतात, आणि मूल काहीच सांगत नाही, कारण त्याला काही जाणवत नाही. बाटली घेऊनच नेत्रतज्ज्ञांकडे जा, किती महिने टाकली तेही सांगा, आणि दाब व नस दोन्ही तपासून घ्या. स्टेरॉइड थांबवल्यावर वाढलेला दाब बहुधा उतरतो, तोवर झिजलेली नस मात्र परत मिळत नाही. खाजेसाठी स्टेरॉइड नसलेले ड्रॉपही मिळतात. कोणते द्यायचे, ते तेच ठरवतील.