वेस माँटगोमेरीसारख्या मोठ्या जॅझ गिटारवादकाचं घर फक्त कार्यक्रमांवर चालायचं का?

नाही, 1959 पर्यंत तरी नाही. तोवर तो अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये दिवसा कारखान्यात कामाला जायचा. त्याच्यावरच्या लेखांत जो दिनक्रम दिलेला असतो तो वाचूनच झोप येते: सकाळी सातला कामावर, दुपारी तीनला सुटी, रात्री नऊपासून टर्फ बारमध्ये वादन, आणि तिथलं दोनच्या सुमारास आटोपलं की मिसाइल रूम नावाच्या क्लबात थेट पहाटेपर्यंत. कारण सरळ आहे. गावातल्या क्लबचे पैसे तुटपुंजे आणि घरात पोरं भरपूर. सरावही त्यातूनच, रात्री उशिरा काढलेला, म्हणून तर पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) बाजूला ठेवून नुसत्या अंगठ्यानं तारा छेडायची सवय लागली. अंगठ्याचा आवाज हळू, शेजाऱ्यांना त्रास नको! 1959 मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीनं त्याला मिसाइल रूममध्ये ऐकलं, रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीकडे त्याची शिफारस केली आणि करार झाला. पुढे पियानोवादक विंटन केलीच्या त्रिकुटाबरोबरचं वादन, 1965 चा युरोप दौरा वगैरे सगळं त्यानंतरचं.

एक मात्र लक्षात घ्या: 1948 ते 1950 मध्ये तो व्हायब्राफोनवादक लायोनेल हॅम्प्टनच्या जॅझ बँडबरोबर दौऱ्यावर होता, म्हणजे तेव्हा गिटारवरच पोट होतं. पण विमानाची धास्ती असल्यानं बँड उडत गेला तरी हा गडी मैलोन्‌मैल गाडी हाकत जायचा, आणि शेवटी घरच्यांच्या ओढीनं परतला.