कुंपणाचा खर्च : सवलत आधी की हद्द आधी?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राचा आशय असा : कोपऱ्यावरच्या प्लॉटमधील घराला चारही बाजूंनी सहा फूट उंचीचे, फळ्यांचे बंद कुंपण घालायचे आहे, तीन वर्षांचा मुलगा खेळता खेळता रस्त्याकडे धावतो, हे त्यामागचे मुख्य कारण. महिनाअखेरीपूर्वी सगळी रक्कम आगाऊ दिल्यास ठेकेदार दहा टक्के सवलत देणार आहे आणि कुंपणाला परवानगी लागत नाही, असेही तो सांगतो. त्याचे मूळ दरपत्रक आपल्या चार महिन्यांच्या घरखर्चाएवढे आहे, सहा महिन्यांच्या खर्चाचा आपत्कालीन निधी बाजूला आहे, आणि त्यातूनच पैसे द्यावेत का, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ही सवलत आपण घेऊ नये. कुंपण मात्र अवश्य घालावे. परंतु आधी मोजणी आणि परवानगी, मग रस्त्याकडच्या दोन बाजू, आणि उरलेले काम नंतर, अशा क्रमाने.

ठेकेदाराच्या 'परवानगी लागत नाही' या वाक्यात अर्धेच सत्य आहे, आणि सगळा आर्थिक धोका उरलेल्या अर्ध्यात दडलेला आहे. परवाना न लागणे आणि नियम नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील अनेक राज्ये ज्या नमुना निवासी संहितेचा, म्हणजे घरबांधणीच्या आदर्श नियमावलीचा, आधार घेतात, तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सात फुटांपर्यंतच्या कुंपणाला इमारत-परवान्यातून सूट आहे. पण तिथल्याच एखाद्या गावाचे भूवापराचे नियम दर्शनी बाजूला त्याहून बरीच कमी उंची ठरवून देऊ शकतात, आणि ते सूट मिळालेल्या कुंपणालाही लागू होतात. इंग्लंडमध्ये वाहनांच्या रस्त्यालगत एक मीटर आणि अन्यत्र दोन मीटरपर्यंतच्या कुंपणाला सर्वसाधारणपणे स्वतंत्र नियोजन-परवानगी लागत नाही. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत सीमाभिंतीची उंची १.५ मीटर धरली आहे, वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसणारा असेल तर ती २.४ मीटरपर्यंत नेता येते. आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला चौकापासून दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत बंद भिंत फक्त ०.७५ मीटर, त्यावरचे ०.७५ मीटर जाळी किंवा गजांचे, असे बंधन आहे. वळणाऱ्या वाहनाला समोरचे दिसले पाहिजे, एवढेच त्यामागचे कारण. आकडे ठिकाणोठिकाणी बदलतात, त्यामुळे आपल्या स्थानिक संस्थेचा आकडा तिच्याकडूनच लेखी घ्यावा. पण कोपऱ्यावर सहा फुटांचे बंद कुंपण सहजासहजी चालेल, असे मी धरून चालणार नाही.

उंची कोठून मोजतात, हेही अर्ज करतानाच विचारून घ्यावे. वरील भारतीय संहिता ती समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजते. प्लॉट रस्त्यापेक्षा ४० सेंटिमीटर उंच असेल, तर नियमातल्या १.५ मीटरपैकी अंगणात उभे राहिल्यावर १.१ मीटरच हाती लागतात. रस्त्याच्या मध्यापासून दोरी पाणसळीत, म्हणजे आडवी समपातळीत, धरून टेपने मोजायला दहा मिनिटे पुरतात, आणि ही दहा मिनिटे खांब कापून आणण्यापूर्वीची असावीत.

आता हिशेब. मूळ दरपत्रक शंभर भागांचे मानू. सवलतीनंतर आपण ९० भाग द्याल. एका बाजूचा, म्हणजे तीस भागांच्या कामाचा, अर्धा खर्च शेजारी देणार असल्याचे आपण लिहिले आहे. त्याने तो खरोखर दिला, तर सवलतीच्या दराने साडेतेरा भाग परत येतील आणि आपला निव्वळ खर्च साडेशहात्तर होईल. माझ्या क्रमाने गेल्यास मोजणी व परवानगीचे सहा भाग, रस्त्याकडच्या दोन बाजू बुटक्या आणि गजांच्या केल्यामुळे चाळीसऐवजी सुमारे अठ्ठावीस, शेजाऱ्याकडच्या बाजूचे पंधरा आणि मागच्या बाजूचे तीस, असे एकूण ७९ होतात. म्हणजे घाईचा मार्ग कागदावर अडीच भागांनी स्वस्त आहे. परंतु रस्त्याकडच्या बाजू उतरवण्याची नोटीस आली, तर काढण्याचे आठ, पुन्हा बांधण्याचे अठ्ठावीस, आणि परत वापरता येणाऱ्या फळ्यांचे दहा वजा, असे सव्वीस भाग वाढतात. काँक्रीटमध्ये बसवलेले खांब बहुधा फुकटच जातात. बेरीज साडेएकशेदोनवर जाते, आणि त्यात दंड धरलेला नाही. अडीच भाग वाचवण्यासाठी सव्वीस भागांची जोखीम, तीही घडण्याची शक्यता मोठी असताना, मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही.

मोजणी टाळून पैसे वाचवण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण जुनी हद्द डोळ्यांना दिसत असते. झाडांची रांग किंवा आधीच्या मालकाची तार म्हणजे हद्द नव्हे. कुंपण शेजाऱ्याच्या जागेत हातभर गेले, तर ते हलवण्याचा खर्च आपला. आणि ते आपल्याच जागेत बरेच आत राहिले, तर बाहेरची पट्टी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या वापरात राहून हक्काचा वाद उभा राहू शकतो. भारतात खासगी जमिनीबाबत ही मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे १२ वर्षांची आहे. घर विकायला काढल्यावर खरेदीदार मोजणी मागतो, तेव्हा अशा चुका वर येतात आणि भावात कापल्या जातात. जमिनीखालून जलवाहिनी किंवा केबल जाते का, आणि त्या पट्टीवर कोणाचा वहिवाटीचा हक्क आहे का, हेही खड्डे खणण्यापूर्वी पाहावे. वसाहतीची संस्था असेल तर तिची संमती वेगळी. स्थानिक संस्थेची परवानगी तिची जागा घेत नाही.

शेजाऱ्याचा तोंडी शब्द चांगल्या मनाने दिलेला असेल, पण तो कागदावर यावा. खर्च निम्मा-निम्मा असेल तर कुंपण नेमक्या हद्दीवर उभे राहील की आपल्या बाजूला, दुरुस्ती कोण करील आणि पुढे ते काढायचे झाल्यास दोघांची संमती लागेल का, एवढे मोजणीच्या नकाशावरच लिहून दोघांनी सह्या कराव्यात. एक पान पुरे.

आपत्कालीन निधीतून ९० भाग काढल्यास सहा महिन्यांपैकी जेमतेम अडीच महिन्यांचा निधी उरेल, आणि लहान मूल असलेल्या घरात मला तो पुरेसा वाटत नाही. मोजणी-परवानगी, रस्त्याकडच्या बाजू आणि शेजाऱ्याकडची बाजू मिळून ४९ भाग, म्हणजे सुमारे दोन महिन्यांचा खर्च होतो. तेवढा निधीतून घेतला तरी चार महिन्यांचा शिल्लक राहतो. मागचा प्लॉट मोकळा आहे, तिकडची बाजू वर्षभराच्या मासिक बचतीतून करता येईल. त्यासाठी कर्ज काढू नये. मात्र परवानगीला मुदत असते, म्हणून अर्ज चारही बाजूंचा एकदम करावा आणि दोन टप्प्यांत काम चालेल का, ते विचारून घ्यावे.

मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उंचीपेक्षा रचनेचा आहे. गज उभे असावेत, कारण आडवे गज मुलांसाठी शिडीच होतात. दोन गजांमधील फट दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. आरपार कुंपणातून वारा निघून जातो, त्यामुळे त्याच्या खांबांवर बंद फळ्यांइतका ताण येत नाही. फाटक आत उघडणारे ठेवावे. माझ्या स्वतःच्या घराचे फाटक मी हौसेने बाहेर उघडणारे केले होते. ते पदपथावर येते म्हणून नोटीस आली आणि बिजागऱ्या, कडी, खांब सगळे नव्याने बसवावे लागले. लोकांना सल्ला देणाऱ्याचे हे बिल घरात अजूनही काढून दाखवले जाते.

ठेकेदार हाच हवा असेल, तर त्याला टप्प्याटप्प्याने पैसे द्यावेत : सुरुवातीला पाचवा हिस्सा, खांब उभे राहिल्यावर तीस टक्के, काम पूर्ण झाल्यावर चाळीस, आणि शेवटचे दहा टक्के पाहणी झाल्यानंतर. परवानगी कोण काढणार हे करारात लिहिलेले असावे, कारण नोटीस शेवटी मालकाच्या नावाने येते. या अटींवर तो दोन-तीन टक्के सवलत देत असेल तर ती जरूर घ्यावी; नकार देत असेल, तर आणखी दोन दरपत्रके मागवावीत. तोपर्यंत या आठवड्यात मोजणीचा अर्ज द्यावा. मोजणी आणि परवानगी यांचा मिळून खर्च आपल्या एका आठवड्याच्या घरखर्चाएवढाच आहे.