थंडीच्या पहाटे कुत्री बागेत एवढी का हुंदडतात? दवाने त्यांना थंडी बाधते का?

आम्ही दापोली तालुक्यात राहतो. घरात राणी नावाची लॅब्रॅडोर आणि मोत्या हा गावठी. डिसेंबर लागला की दोघंही सहालाच दाराशी हजर.

माझ्या मते थंडीपेक्षा उकाड्यातून सुटल्याचा आनंद त्यांना जास्त होतो. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकीची उष्णता जीभ काढून, धापा टाकत, तोंडातल्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकायची. आपल्या दमट हवेत ती वाफच धड होत नाही. मे महिन्यात राणी न्हाणीघराच्या ओल्या लादीवरून उठत नाही, जेवण टाकते, तिच्याकडे बघवत नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे गार, कोरडा मतलई वारा सुटतो आणि हीच राणी आगरात, म्हणजे माडांच्या बागेत शिरून झाडांभोवती गरागरा फेऱ्या मारते, मग चारी पाय वर करून ओल्या गवतात लोळते.

मोत्या फारसा धावत नाही. ओल्या जमिनीवर वास चांगला टिकतो, त्यामुळे रात्री आगरात कोण येऊन गेलं याचा तपास तो गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेने नाक खाली घालून करत बसतो. त्याचं सुख त्यात.

दवाने धडधाकट कुत्र्याला काही होत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात, तशी थंडी आपल्या किनाऱ्यावर नसते. पिल्लू असेल किंवा सांधे धरलेलं म्हातारं कुत्रं असेल, तर मात्र लगेच कोरडं पुसा.

मला खरी धास्ती फवारणीची वाटते. याच दिवसांत हापूस मोहोरतो आणि तुडतुडे या किडीसाठी कलमांवर औषध मारतात. ते खालच्या गवतावर, वाळक्या पानांच्या पातेऱ्यावर पडतं, दवाने ओलं होऊन पायांना लागतं आणि कुत्री पाय चाटतात. एका जानेवारीत राणीची लाळ गळायला लागली, अंग थरथरत होतं. डॉक्टरांकडे वेळेत पोचलो म्हणून ती वाचली. तेव्हापासून फवारणी कधी आहे ते शेजाऱ्यांना विचारून ठेवते, त्यानंतर काही दिवस कलमांखाली सोडत नाही आणि फिरून आल्यावर दोघांचे पाय धुते. तुमच्याकडे असं काही दिसलं तर वाट बघू नका, औषधाचा डबा मिळाला तर तोही डॉक्टरांना दाखवायला न्या.

पातेऱ्याचे ढीग तेवढे काढून टाका, त्यात फुरसं हा विषारी साप असू शकतो. आणि नीट उजाडल्याशिवाय सोडू नका, कारण आमच्याकडे बिबट्या फिरतो. मी सातला दार उघडते. तोवर राणी ते पंजाने खरवडत राहते.