कोकणात बागायतीसाठी नवीन फोर-बाय-फोर घेताना पेट्रोल इंजिन निवडावे की डिझेल?

आपण दापोली तालुक्यात राहता, सड्यावरची कलमांची बाग घरापासून चार किलोमीटरवर आहे, बहुतेक दिवस गाडीचे तेवढेच जाणे-येणे होणार आहे आणि महिना-सव्वा महिन्यातून एकदा ताम्हिणीमार्गे पुण्याची फेरी असते, असे आपण लिहिले आहे. तीन दारांची महिंद्रा थार जवळजवळ ठरली आहे. २.० लिटर पेट्रोल, २.२ लिटर डिझेल आणि १.५ लिटर डिझेल यांपैकी कोणते इंजिन घ्यावे आणि मारुतीच्या जिम्नीचा विचार करावा का, एवढाच प्रश्न उरला आहे. आपल्या वापरासाठी पेट्रोल, फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देणारी) आणि मॅन्युअल गिअर, असे माझे स्पष्ट मत आहे. मी खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात बागायत करतो आणि माझी स्वतःची फोर-बाय-फोर डिझेलची आहे, त्यामुळे हे मत कशावरून बनले ते नीट सांगायला हवे.

आपल्याकडे कोणालाही विचारले तरी "चढावाला डिझेलच पाहिजे, पेट्रोलला ओढ नसते" हेच ऐकायला मिळते. टर्बो नसलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनांच्या बाबतीत ते खरे होते. आजच्या थारचे कागद मात्र वेगळे सांगतात. २.२ डिझेल १६०० ते २८०० आरपीएममध्ये (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांत) ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारी ओढ, देते. मॅन्युअल गिअरचे २.० टर्बो पेट्रोलही तेवढाच ३०० न्यूटन-मीटर देते आणि तो १२५० आरपीएमपासूनच मिळू लागतो. शक्तीच्या बाबतीत तर डिझेल १३० बीएचपी आणि पेट्रोल १५० बीएचपी असा फरक पेट्रोलच्या बाजूने आहे. माझ्या भाच्याकडे पेट्रोल गाडी आहे. आगोटीच्या आधी खताची पोती भरून ती आमच्या सड्यावर चढते तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय गाडी पेट्रोलची आहे हे कोणाला कळणार नाही. शिवाय खरी चढण लागली की फोर-लो, म्हणजे चारही चाके सावकाश पण जोराने फिरवणारा टप्पा, टाकायचा असतो, आणि तिथे ट्रान्सफर केसमधले (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतले) गिअर चाकांवरचा टॉर्क दुपटीहून अधिक वाढवतात. म्हणून दोन इंजिनांच्या टॉर्कपेक्षा गाडीला फोर-लो आहे की नाही हा फरक कितीतरी मोठा ठरतो.

डिझेलचा एक गुण मात्र मान्य केलाच पाहिजे. जांभ्याच्या पायऱ्या-पायऱ्यांची, शेवाळ धरलेली पाणंद आपल्याकडेही असेलच. अशा ठिकाणी फोर-लोमध्ये पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला आणि दोन्ही पाय काढून घेतले, तरी डिझेल गाडी नुसत्या आयडलिंगवर, बंद न पडता, एकेका चिऱ्यावर चाक टेकवत वर जाते. पुढचे चाक चिऱ्याला अडले की इंजिनाचा सूर क्षणभर खाली जातो, पुन्हा उचलतो आणि चाक वर चढते. पेट्रोल गाडीला अशा जागी अ‍ॅक्सिलरेटरवर अंगठ्याइतका हलका दाब ठेवावा लागतो. नवख्या माणसाचा दाब जास्त होतो, चाक फिरते आणि तांबड्या चिखलाचा लेप टायरच्या खाचांत बसला की पुढचा सगळा प्रयत्न वाया जातो. ही सवय एका पावसाळ्यात होते, पण गाडी बागेवरचे गडीही चालवणार असतील तर ही गोष्ट डिझेलच्या बाजूने मोजा.

आता ज्या कारणामुळे मी आपल्याला डिझेल नको म्हणतो त्याकडे येतो. ते कारण डोंगराळ रस्ता नसून आपले चार किलोमीटर आहेत. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि या वर्गातल्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी, आली. चुलीच्या धुराड्यात साचते तशी त्या जाळीत काजळी साचत जाते आणि ती अधूनमधून जाळून टाकण्यासाठी आतले तापमान साधारण सहाशे अंशांपर्यंत जावे लागते. त्यासाठी गाडी पूर्ण तापलेली असावी लागते आणि पंधरा-वीस मिनिटे तरी एका चालीने, बऱ्यापैकी आरपीएमवर धावावी लागते. घर ते बाग चार किलोमीटर, तेही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मग बागेत चार तास उभी आणि पुन्हा चार किलोमीटर, या क्रमात इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. जाळी जाळण्याचे काम गाडी स्वतःहून सुरू करते, पण ते अर्धवट राहते. त्यासाठी सिलिंडरमध्ये जादा सोडलेले डिझेल थोडे थोडे खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइलची दांडी पुसून पुन्हा घातली की पातळी वरच्या खुणेच्या वर दिसते आणि नाकाशी नेल्यावर डिझेलचा वास येतो. असे दिसले की ऑइल ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलावे लागते.

माझ्या गाडीचा डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा आंब्याच्या हंगामात लागतो, कारण तेव्हा बाग आणि पॅकिंगची शेड एवढेच तिचे फिरणे असते. दिवा लागला की मी गाडी हायवेला नेऊन तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून, दिवा विझेपर्यंत चालवतो. मला चिपळूणला कामे असतात, म्हणून ते जमून जाते. आपल्याला पेट्या भरण्याच्या घाईत निव्वळ दिवा विझवण्यासाठी खेडपर्यंतची वळणे पालथी घालावी लागतील, आणि दुर्लक्ष केले तर गाडीची ताकद आपोआप कमी होते व काम सर्व्हिस सेंटरवर जाते. नवीन जाळी बसवायची वेळ आली तर तो खर्च दुखणारा असतो. महिन्या-सव्वा महिन्याने होणारी पुण्याची एक फेरी यासाठी पुरेशी नाही. काही डिझेल मॉडेलांना शिवाय धूर स्वच्छ करणारे डीईएफ हे द्रव वेगळे भरावे लागते. ते आपल्या मॉडेलला लागते का, हे बुकिंगआधी विचारून घ्यावे.

पैशांचा हिशेब थोडक्यात मांडतो. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आणि डिझेल गाडीला १४ टक्के रस्ता कर आहे, म्हणजे १५ लाखांच्या गाडीवर तीस हजारांचा फरक इथेच पडतो. त्यात दोन मॉडेलांच्या किमतीतला आणि विम्यातला फरक मिळवून डिझेलचा जादा बोजा एक लाख धरू. आपला वापर वर्षाला सहा हजार किलोमीटर होईल. अशा रस्त्यांवर पेट्रोल लिटरला १० आणि डिझेल १३ किलोमीटर देईल, आणि पेट्रोल १०४ व डिझेल ९१ रुपये असेल असे मानले, तर पेट्रोलला वर्षाला सुमारे ६२ हजार आणि डिझेलला ४२ हजार लागतात. वाचतात वीस हजार, म्हणजे जादा दिलेले लाखभर रुपये वसूल व्हायला पाच वर्षे, तीही जाळीने काही त्रास दिला नाही तर. हाच वापर वर्षाला अठरा हजार किलोमीटर असता तर दोन वर्षांच्या आत पैसे सुटले असते आणि मी न विचारता डिझेल सांगितले असते.

१.५ लिटर डिझेलची किंमत पाहून मोह होणे साहजिक आहे. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्के जीएसटीत बसते, तर २.० पेट्रोल आणि २.२ डिझेल ४० टक्क्यांत जातात, हे त्या स्वस्ताईमागचे एक कारण आहे. परंतु हे इंजिन फक्त मागच्या चाकांवर मिळते. फोर-बाय-फोर नाही आणि फोर-लोही नाही. बाजारपेठेत उठून दिसण्यासाठी ती गाडी उत्तम आहे, पण आषाढात सड्यावरून उतरताना तिचा उपयोग साध्या गाडीपेक्षा फार जास्त होणार नाही, आणि डीपीएफचा प्रश्न तिलाही आहेच. घरच्यांनी पाच दारांचा आग्रह धरला तर हेही लक्षात ठेवा की पाच दारांची थार रॉक्स आणि महिंद्राचीच स्कॉर्पिओ-एन या दोन्हींत फोर-बाय-फोर केवळ डिझेलसोबत मिळते. फोर्सची गुरखाही डिझेलच आहे. तिला पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरले तरी जोडीच्या चाकाला ओढ देणारी सोय) आहेत, पण तेवढी गरज आपल्या वाटेला नसावी.

जिम्नीचा विचार अवश्य करा. तिचे १.५ लिटर पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन-मीटरच देते आणि तेही ४००० आरपीएमला, त्यामुळे ताम्हिणीच्या चढावर माणसे भरलेली असताना गिअर सारखे बदलावे लागतात. टर्बोची सवय असलेल्याला ती सुस्त वाटेल. मात्र तिचे वजन सुमारे १२०० किलो आहे, थारपेक्षा कितीतरी कमी, आणि भिजलेल्या तांबड्या मातीत हलकी गाडी रुतत नाही, हा फायदा कोणत्याही टॉर्कने भरून निघत नाही. प्रत्येक जिम्नीत फोर-लो असतेच. बागेपर्यंत दोन माणसे आणि फवारणीचा पंप एवढेच न्यायचे असेल तर मी जिम्नी घेईन. पोती आणि पेट्या न्यायच्या असतील तर थार, आणि तिच्यातही मागची सीट दुमडल्याशिवाय फारसे काही बसत नाही.

पाण्याबद्दल आपण शेवटी विचारले आहे. भरलेल्या पऱ्यातून जाताना "डिझेल बंद पडत नाही" हा समज डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज वाटणारा, ओलीने बिघडणारा भाग) असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांच्या काळातला आहे. थारची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे आणि ती इंजिनानुसार बदलत नाही. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये दाबाचे प्रमाण जास्त असल्यामुळे थोडे पाणीही पुरते. असे नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा धरत नाहीत, म्हणून इंजिन संरक्षणाची जोड घ्या. किनाऱ्यावर गाडी घालण्याचा विचार तर मनातही आणू नका. अनेक ठिकाणी त्याला मनाई आहे आणि भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाडीचे ब्रेक व चॅसिस खारे पाणी खाऊन टाकते. पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचे मिळते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. आपली गाडी रोज चालणार असल्याने काळजी नाही, पण पावसात ती बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. ओलीचा त्रास डिझेललाही होतो. माझ्या गाडीच्या डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढले की पावसाळ्यानंतर तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसतात. उंदीर वायर खाताना मात्र इंजिन कोणते आहे हे पाहत नाहीत.

बुकिंगची रक्कम देण्याआधी पेट्रोल फोर-बाय-फोर मॅन्युअलचीच टेस्ट ड्राइव्ह मागा, कारण शोरूममध्ये बहुधा ऑटोमॅटिक पुढे करतात. गाडीत तीन-चार माणसे बसवून एखाद्या कच्च्या चढावर नेण्याचा आग्रह धरा, मध्यावर पूर्ण थांबवा आणि फोर-लोमध्ये पुन्हा सुरू करून पाहा. बागेवरचा जो गडी गाडी चालवणार आहे त्यालाही सोबत न्या आणि हेच त्याच्याकडून करवून घ्या. त्याच्या हातून तीनदा गाडी बंद पडली तर मला पुन्हा विचारा, मग ऑटोमॅटिक पेट्रोलबद्दल बोलू.