ओरेगॉनच्या उंच वाळवंटात सनस्टोन शोधताना

प्रश्न : मी आणि माझा मित्र नोकरीनिमित्त अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, हिल्सबरो येथे राहतो. जून महिन्यात प्लश गावाच्या उत्तरेकडील सार्वजनिक क्षेत्रात तंबू ठोकून तीन दिवस सनस्टोन हे रत्नखडे शोधायचे आणि परतताना ग्लास ब्यूट्स या टेकड्यांवर थांबून ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच गोळा करायची, असा आमचा बेत आहे. मित्राचे म्हणणे असे की, जमीन सरकारी आणि मोकळी आहे, तेव्हा सापडेल ते आपले. नको असलेले खडे इंटरनेटवर विकून प्रवासखर्चही भरून काढता येईल. मला हे पटत नाही, पण नियम नेमका काय आहे हे ठाऊक नसल्याने त्याला उत्तर देता येत नाही. नवख्या माणसाला लाल खडा सापडण्याची कितपत शक्यता असते आणि सोबत काय न्यावे, हेही कृपया कळवावे.
— एक वाचक, हिल्सबरो

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हे क्षेत्र अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याच्या, म्हणजे बीएलएमच्या ताब्यात असून ते हौशी लोकांसाठी मुद्दाम राखून ठेवलेले आहे. तेथे शुल्क नाही, परवानाही लागत नाही. मात्र गोळा केलेले खडे स्वतःच्या संग्रहासाठीच असावेत, त्यांची विक्री करू नये आणि खोदकाम केवळ हाताच्या अवजारांनी करावे, अशा अटी आहेत. त्यामुळे खर्च भरून काढण्याची कल्पना मित्राने निघण्यापूर्वीच सोडून द्यावी. ही अट मला अगदी योग्य वाटते, कारण विक्रीची मुभा मिळाली असती तर यंत्रे घेऊन येणाऱ्यांनी ही जमीन केव्हाच उपसून काढली असती आणि आपल्यासारख्यांसाठी तेथे काही उरले नसते.

दुसरी गोष्ट हद्दीची. या क्षेत्राच्या आसपास खाणकामासाठी रीतसर नोंदवलेले खासगी पट्टे आहेत. जमीन तशीच ओसाड दिसते, पुष्कळदा कुंपणही नसते, परंतु तेथील खनिजावर पट्टेदाराचा हक्क असतो आणि त्याच्या संमतीविना उचललेला खडा ही चोरीच ठरते. म्हणून बीएलएमच्या लेकव्ह्यू येथील कार्यालयातून नकाशा घ्यावा आणि रस्त्यांची स्थिती व आगीसंबंधीचे निर्बंधही त्याच वेळी विचारून घ्यावेत.

आता खड्यांविषयी. सनस्टोन हे फेल्डस्पार या खनिजगटातील लॅब्रॅडोराइट जातीचे खनिज आहे. त्याचे स्फटिक शिलारस जमिनीखाली असतानाच त्यात तयार झाले आणि लाव्हाबरोबर वर आले. पुढे त्या लाव्हापासून बनलेला बेसाल्ट खडक झिजून त्याची माती झाली, पण स्फटिक तुलनेने टिकाऊ असल्याने मागे राहिले. यामुळेच तेथे खडक फोडत बसण्याऐवजी माती चाळणे आणि जमिनीवर नजर ठेवून चालणे अधिक फलदायी ठरते. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे असताना सूर्याकडे तोंड करून सावकाश चालावे, म्हणजे जमिनीवरचे स्फटिक लुकलुकतात. लुकलुकले की लगेच वाकू नये. नजर त्या ठिकाणावरून न हलवता तिथपर्यंत चालत जावे, कारण एक पाऊल इकडेतिकडे झाले तरी चमक नाहीशी होते आणि मग तो खडा इतर शेकडो खड्यांत हरवतो. दुपारी ऊन डोक्यावर आले की हा उपाय चालत नाही. तेव्हा फावडे, खुरपे आणि पाव इंच जाळीची चाळणी घेऊन उथळ खड्ड्यातील माती चाळावी. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवूनच पुढे जावे, कारण तेथे गुरे आणि रानटी जनावरे हिंडतात आणि उघड्या खड्ड्यात त्यांचा पाय मोडू शकतो.

लाल खड्याची आशा ठेवावी, पण त्याच्यासाठी रुसू नये. सार्वजनिक क्षेत्रात मिळणारे बहुतेक खडे रंगहीन किंवा गवती पिवळे असतात. लाल आणि त्याहूनही हिरवे दुर्मीळ. रंग आणि आतली चमक या दोन्हींचे मूळ तांबे आहे. स्फटिकात तांब्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकाच दिशेने रांगेत बसलेले असले, तर ठराविक कोनातून पाहिल्यावर आत तांबूस झळाळी उमटते आणि खडा किंचित फिरवला की ती विझते. म्हणून कोणताही पिवळट खडा टाकून देण्यापूर्वी तो ओला करून उन्हात धरावा आणि सावकाश सर्व बाजूंनी फिरवून पाहावा. घाईने टाकून दिलेल्या खड्यांतच ही झळाळी पुष्कळदा राहून गेलेली असते. हे फेल्डस्पार सपाट पृष्ठांवर सहज दुभंगते, तेव्हा चांगले खडे एकत्र खुळखुळत नेऊ नयेत. कागदात किंवा कापसात वेगवेगळे गुंडाळावेत आणि प्रत्येक पुडीवर ठिकाण व तारीख लिहावी. ठिकाणाची नोंद नसलेला नमुना अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो.

मुक्कामाची तयारी साधी, पण पक्की असावी. हा प्रदेश साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे, दिवसा ऊन कडक असते, झाडांची सावली नाही आणि पिण्याचे पाणी नाही. माणशी दररोज किमान सहा ते आठ लिटर पाणी आणि त्याखेरीज एका दिवसाचा जादा साठा गाडीत ठेवावा. जून महिन्यातही रात्री थंडी पडते, त्यामुळे जाड अंथरूण-पांघरूण हवे. पेट्रोल लेकव्ह्यूमध्ये पूर्ण भरून घ्यावे. कच्चे रस्ते पावसाने चिखलमय होतात आणि मग साधी गाडी तेथेच रुतून बसते, म्हणून आभाळ भरून आले तर हट्ट न करता डांबरी रस्ता गाठावा. मोबाइलला रेंज मिळेल असे गृहीत धरू नये. कोठे जात आहात आणि केव्हा परतणार हे घरी कुणाला तरी लिहून द्यावे. रॅटलस्नेक या विषारी सापांचा वावर असल्याने दगडाखाली न पाहता हात घालू नये, दगड अवजाराने उलटवावा.

ग्लास ब्यूट्स हे बेंड आणि बर्न्स यांच्या दरम्यान २० क्रमांकाच्या महामार्गालगत आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर ते सोयीचे पडेल. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची नैसर्गिक काच. तेथे ती काळी, तपकिरी छटांची, सोनेरी झाक असलेली आणि इंद्रधनुषी अशा अनेक प्रकारांत मिळते. फोडताना उडणाऱ्या कपच्या पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून संरक्षक चष्मा, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांशिवाय हातोडा उचलू नये. आतल्या वाटांवरही या कपच्या विखुरलेल्या असून त्यांनी टायर फाटतात. सुस्थितीतील जादा चाक जवळ असू द्यावे. या टेकड्यांवरील काचेपासून तेथील मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे बाणांची टोके आणि पाती घडवली. घडवल्याच्या खुणा असलेला तुकडा दिसला, तर तो जिथे आहे तिथेच राहू द्यावा. सरकारी जमिनीवरील पुरातन वस्तूंना १९७९ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. आणि कायदा नसता तरी त्या वस्तूंवर आपला हक्क नाही, हे मित्राला स्पष्ट सांगावे.

प्रश्न : ओरेगॉनसारखे दगड शोधत मुक्काम करण्याचे क्षेत्र महाराष्ट्रात आहे का? आमच्या भागातील खाणींत सुंदर स्फटिक निघतात असे ऐकतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हौशी संग्राहकांसाठी राखून ठेवलेली अशी जमीन आपल्याकडे नाही, आणि शोधाची रीतही वेगळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्टिल्बाइट, अपोफिलाइट, ह्यूलँडाइट या खनिजांचे स्फटिक वाढले. ते खडकाच्या पोटात असल्याने खाणकाम, विहीर किंवा रस्त्याचे खोदकाम झाल्याखेरीज सहसा हाती लागत नाहीत. तेव्हा खाणीच्या पट्टेदाराची परवानगी, सुरुंग नसलेली वेळ आणि डोक्यावर हेल्मेट या तीन गोष्टींवाचून आत पाऊल टाकू नये. वनजमिनीवर आणि किल्ल्यांवर तर मुळीच खोदू नये.

वरच्या प्रश्नाशी याचा एक धागा जुळतो. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून मिळणारे गडद निळे कॅव्हनसाइट जगभरातील संग्राहकांना ठाऊक आहे, पण या खनिजाचे पहिले वर्णन ओरेगॉनमध्ये मिळालेल्या नमुन्यांवरून १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण नाशिकचे असल्याने आधी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय सवडीने पाहावे. स्फटिक कोणत्या खडकावर, कोणत्या सोबतीच्या खनिजांबरोबर बसलेला आहे हे तेथे नीट न्याहाळले, तर खाणीत गेल्यावर कोणता दगड उलटून पाहायचा हे आपोआप कळू लागेल.