अतिवृष्टीचे पैसे: अनुदान की भरपाई?

प्रश्न असा आहे: अतिवृष्टीनंतर सरकारकडून खात्यावर येणाऱ्या पैशाला मराठवाड्यात सर्रास 'अनुदान' म्हणतात. पीक गेल्यावर मिळते ती भरपाई, अनुदान तर ठिबकला नि ट्रॅक्टरला मिळतं. मग हा वापर चुकीचा नाही का?

चुकीचा नाही. उलट इथे पारावर बोलणारा माणूस बातमी लिहिणाऱ्यापेक्षा नेमकं बोलतो. मदतीचे शासन निर्णय काढून पाहा. पुढच्या हंगामात उपयोगी पडावी म्हणून ही मदत 'निविष्ठा अनुदान' या स्वरूपात दिली जाते, असं त्यांत पुन्हा पुन्हा येतं. निविष्ठा म्हणजे बियाणं, खत, औषधं, थोडक्यात पीक उभं करायला शेतात जे घालावं लागतं ते. 'प्रवेश'मधला 'विश्' हा धातूच यातही आहे. पण हा शब्द कृषी खात्याबाहेर फारसा रुळला नाही. त्यामुळे बोलताना 'निविष्ठा' गळते आणि 'अनुदान' उरतं.

म्हणजे गेलेल्या पिकाचं मोल या पैशात धरलेलंच नसतं. आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत, 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. सोयाबीन किती क्विंटल झालं असतं, काय भावाने गेलं असतं, हा हिशेब त्यात कुठेच नाही. ऑक्टोबर 2025 च्या पॅकेजमध्ये राज्य सरकारने हेक्टरी 10,000 रुपये जादा जाहीर केले, तेही रब्बीच्या बियाण्यासाठी आणि त्यासोबतच्या खर्चासाठी.

'भरपाई'त मात्र 'भरणे' आहे: जेवढं गेलं तेवढं भरून देणं. पीकविम्यात हप्ता असतो, विमा संरक्षित रक्कम ठरलेली असते, नुकसान मोजून पैसे द्यायचे असतात, म्हणून तिथे हा शब्द शोभतो. रस्त्यात किंवा धरणात जमीन गेली तरी भरपाईच, मराठवाड्यात तिला 'मावेजा' म्हणतात. मदतीला भरपाई म्हटलं की शेतकऱ्याची आशा वाढते, हे एक. पण शहरात बातमी वाचणाऱ्याला वाटतं की याचं नुकसान भरून निघालं, आणि हा गैरसमज मला जास्त बोचतो. उभं पीक गेलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हेक्टरी साडेआठ हजारांत भरपाई मिळाली, असं लिहिणं अन्यायाचं आहे.

या अनुदानाचा पूर्वज शोधायचा तर तो 'तगाई'त सापडतो. मूळ अरबी 'तकावी', म्हणजे बळ देणं. पुष्कळजण त्याचं नातं 'तगणे'शी जोडतात. अर्थ छान जुळतो, पण व्युत्पत्ती ती नव्हे. 1884 च्या कायद्याने बी-बियाण्यासाठी, बैलांसाठी तगाई मिळे, मात्र ते कर्ज होतं. सातबाराच्या इतर हक्कात तिचा बोजा चढे. हेतू तोच, पुढची पेरणी व्हावी. परतफेड तेवढी गेली.

'सानुग्रह अनुदान' मात्र वेगळं. आपत्तीत माणूस दगावला की वारसांना मिळणाऱ्या रकमेला हे नाव आहे. अनुग्रह म्हणजे कृपा, गुरूचा अनुग्रह घेतात तोच. देणं कायद्याने बांधील नाही एवढंच त्यातून सांगायचं असतं, पण घरचा माणूस गेलेल्याला 'कृपेसह' पैसे देणारा हा शब्द बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं. साधं 'वारसांना मदत' का चालू नये?

तेव्हा लिहिताना 'अतिवृष्टी अनुदान' किंवा नुसतं 'मदत' लिहा आणि 'भरपाई' विम्यासाठी व भूसंपादनासाठी राखून ठेवा. 'अनुदान पडलं का?' यातलं 'पडणं'ही बिनधास्त वापरा. 'जमा होणे' हे बँकेचं मराठी, 'पडणे' हे घरचं.